स्कूटरच्या कागदावरचा नंबर

त्या दिवशी सकाळी पावणेदहापर्यंत तिलकराजला तीन वेगवेगळ्या नावांनी फोन येऊन गेले होते. पहिल्यानं त्याला गुरनाम सिंग समजून ट्रॅक्टरचा विमा संपत आल्याची आठवण करून दिली. दुसरी बाई त्याला 'संतोष मॅडम' म्हणत नव्या गाडीसाठी कर्ज देऊ करत होती आणि पलीकडून घोगरा पुरुषी आवाज येतोय याचं तिला काहीच वाटलं नाही. तिसऱ्यानं नाव विचारलंच नाही, थेट टायर विकायला सुरुवात केली. तिलकराज स्वभावानं भिडस्त. तो प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "घरी विचारून सांगतो."

लखनौरा मंडीच्या तहसील कचेरीबाहेर, शिसवीच्या झाडाखाली त्याचं टेबल होतं. एकोणीस वर्षं तो तिथं बसून लोकांच्या गाड्यांच्या नोंदणीचे अर्ज भरत होता. टेबलावर शाईचं पॅड, टाचणयंत्र, फॉर्मांचे गठ्ठे आणि ते उडू नयेत म्हणून ठेवलेलं ट्रकचं जुनं बेअरिंग. हरियाणातल्या प्रत्येक तहसिलीबाहेर असे दहा-बारा तिलकराज बसलेले असतात आणि त्यांच्याशिवाय आतल्या खिडकीवरचं पान हलत नाही.

अर्जात मोबाईल नंबरासाठी एक चौकट असते. त्या नंबरावर ओटीपी येतो आणि तो सांगितल्याशिवाय काम पुढं सरकत नाही. आता गिऱ्हाईक असतं शेतावर, फोन असतो बायकोकडे, बायको असते माहेरी. एका ओटीपीपायी अख्खा दिवस फुकट जायचा. म्हणून तिलकराजनं फार पूर्वीच सोपा मार्ग काढला होता. सगळ्यांच्या अर्जावर तो स्वतःचाच नंबर टाकायचा. शेजारच्या टेबलांवरही हेच चालायचं. गिऱ्हाइकाला पत्ता नसायचा, आणि कळलं तरी त्याला बरंच वाटायचं. अर्ध्या तालुक्याच्या गाड्यांसाठी एकटा तिलकराज फोन उचलत होता.

फोन वाढले ते गेल्या दोन वर्षांत. वर कुठंतरी कुणाच्या तरी डोक्यात आलं की गाड्यांचं हे दप्तर, म्हणजे मालक कोण, कुणाचा मुलगा की मुलगी, राहतो कुठं, गाडी कोणती, कर्ज कुठल्या बँकेचं, हे सगळं घाऊक भावानं खासगी कंपन्यांना द्यायला काय हरकत आहे. कंपन्यांनी ते घेतलं. त्यांच्याकडून एजंटांकडे गेलं, एजंटांकडून त्यांच्या मेव्हण्या-पाहुण्यांकडे. खिडकीवरच्या कारकुनानं ही बातमी सांगितली तेव्हा तिलकराज हसला होता. पत्त्यात लपवण्यासारखं काय असतं, पत्ता तर दारावरच लिहिलेला असतो, असं तो म्हणाला.

हे आपण सगळेच म्हणतो. ज्याच्या दारावर कुणी चालून येणार नाही, त्याला ते म्हणणं सोपं जातं.

रोशनी त्याच्याकडे आली होती त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. तेवीस-चोवीस वर्षांची, गावातल्या एका लहानशा दवाखान्यात नर्स. रात्रपाळीहून येताना रिक्षावाले त्रास देतात म्हणून तिनं स्कूटर घेतली होती. अर्ज भरताना तिलकराजनं सवयीनं विचारलं, की लग्न झालंय तर नवऱ्याचं नाव लिहू ना?

"नको चाचाजी, बापूचंच लिहा," ती म्हणाली. "शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडे तेच आहे. तेवढं तरी राहू दे माझ्याकडे."

त्यानं लिहिलं, रोशनी, वडील रामफल. पत्ता लिहिला, गल्ली नंबर चार, नवी आबादी. नवी आबादी ही शेतात वसलेली बिनमंजुरीची वस्ती, तिथं घरांना नंबर नाहीत. मग रोशनीनं जरा घुटमळून विचारलं होतं, की माझा फोन नंबर कुठं जाणार तर नाही ना? तिलकराज म्हणाला, घाबरू नकोस बेटा, मी माझाच टाकतो. ते ऐकून तिचा जीव भांड्यात पडलेला त्यानं पाहिला होता. का, ते त्यानं विचारलं नाही. नंतर तिचं नोंदणीचं कार्ड तयार झालं तेव्हा ते द्यायला तो स्वतः तिच्या घरी गेला. तिचा नवरा जसमेर भेटला. प्लायवूडच्या कारखान्यात काम करणारा, हाताला सरसाचा वास येणारा साधा पोरगा. दोघांनी त्याला चहा पाजला आणि तेव्हा आडून आडून त्याला कळलं की दोघं एकाच गावचे आहेत.

हरियाणात जिवावर उठायला हे एवढंच पुरेसं असतं. एका गावचे म्हणजे भाऊबहीण, असं तिथले पंच मानतात. वर जात वेगळी. दोघांनी कोर्टात लग्न केलं, सहा महिने सरकारी संरक्षणातल्या घरात काढले, ते संपल्यावर दोन गावं बदलली आणि तिसऱ्यांदा इथं येऊन थांबले. तिलकराजला वाईट वाटलं, त्यानं आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या दिवशी तो ते विसरूनही गेला. त्याच्या टेबलावरून दिवसाला वीस माणसं जात होती.

आता सावन महिना होता. तीज, सासुरवाशिणींचा झोक्यांचा सण, दोन दिवसांवर आली होती आणि उकाड्यानं कागदसुद्धा बोटांना चिकटत होते. अकराच्या सुमाराला पुन्हा फोन वाजला. पलीकडच्यानं विमावाल्यांच्याच पद्धतीनं सुरुवात केली, रोशनी, वडील रामफल, पांढरी स्कूटर, मग गाडीचा नंबर. हा तिचाच फोन ना? तिलकराजनं सांगितलं की मी अर्ज भरणारा एजंट आहे, विमा बिमा काही नकोय. मग पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला.

"चाचा, मी तिचा भाऊ, सतबीर. कोथली घेऊन निघालोय. तिचा फोन लागत नाही आणि मला घर माहीत नाही."

कोथली म्हटलं की त्या मुलखात माणूस विरघळतो. सावनात भाऊ बहिणीच्या सासरी घेवराची जाळीदार मिठाई, सुहालीच्या गोड पुऱ्या, बांगड्या, चुनरी अशी कोथली घेऊन जातो. कोथली आल्याशिवाय सासुरवाशिणीला झोक्यावर बसायला मन होत नाही. शेजारणी रोज विचारतात, आली का गं तुझी? न आलेलीला ते विचारणं टोचतं. तिलकराजच्या घरातच त्याची बायको सुदेश तीन वर्षं वाट बघत होती. तिचा भाऊ कॅनडात जाऊन बसला होता, तिथून शुभेच्छा येत, घेवर येत नसे. सुदेश दर तीजेला त्या शुभेच्छा मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मग दिवसभर भांडी आपटायची.

लग्नानंतर अडीच वर्षांनी भाऊ निघालाय, घरच्यांचा राग निवळलाय, या विचारानं तिलकराजचे डोळे भरून आले. त्यानं त्या वस्तीचा रस्ता जितक्या प्रेमानं सांगता येईल तितक्या प्रेमानं सांगितला. मंडीचा रस्ता धरून सरळ, पिठाची गिरणी लागली की डावीकडे, चौथी गल्ली, कडुनिंबासमोरचं निळं फाटक. भावानं विचारलं, जीप आत येईल ना? येईल की. पुढून बाहेर पडता येतं, का वळवून आणावी लागते? तिलकराज म्हणाला, पुढं गल्ली बंद आहे, वळवूनच आण. जावई किती वाजता येतात? त्याची पाळी सहापर्यंत असते, तिलकराज म्हणाला, पण रोशनीनं सणाची सुट्टी घेतली असेल, ती घरीच सापडेल. यातलं शेवटचं त्याला ठाऊकही नव्हतं. ते त्यानं नुसतं समोरच्याला बरं वाटावं म्हणून जोडून दिलं.

भाऊ म्हणाला, अडीच तासांत पोचतो.

साडेबाराला तिलकराज जेवायला घरी गेला. घर तहसिलीच्या मागेच होतं. सुदेशनं कढीभात वाढला आणि त्यानं पहिल्या घासाबरोबरच ही आनंदाची बातमी सांगितली. माणसं अशी सुधारतात बघ, तो म्हणाला. थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो.

सुदेश डावातली कढी तशीच धरून उभी राहिली. "नीतूचे पापा, एक सांगा. भावाकडे बहिणीचा नंबर म्हणून तुमचा नंबर कसा?"

"म्हणजे?"

"तुमचा नंबर रोशनीचा आहे असं कुठं लिहिलंय? स्कूटरच्या कागदावरच ना? मग त्याच्या हातात तो कागद आला कुठून? तिनं दिला असता तर सोबत पत्ताही दिला असता."

तिलकराजच्या हातातला घास ताटात पडला. सुदेश शिकलेली आठवीपर्यंत, पण घरात गेली तीस वर्षं अक्कल तिचीच चालत होती. त्याला गल्ली पुढं बंद आहे का हा प्रश्न आठवला. जावई कधी येतात हा प्रश्न आठवला. एकेका प्रश्नाला आपण कसं हसत हसत उत्तर दिलं तेही आठवलं.

"फोन करा तिला," सुदेश म्हणाली.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तिचा नंबर त्याच्याकडे नाही. आठ महिन्यांपूर्वी त्यानं तो विचारलाच नव्हता. अर्जाच्या प्रतीवर होता तो त्याचाच. त्यानं खुळ्यासारखी ती प्रत काढून दोनदा पाहिली. तालुक्यातल्या शेकडो माणसांचे फोन त्याला येत होते आणि त्यांतल्या एकालाही त्याला फोन करता येत नव्हता.

तो हात न धुताच स्कूटरवर बसला. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडीचे डबे संपता संपेनात. शेजारी दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल, भुसा भरलेली ट्रॉली, घाम, हॉर्न. त्यानं घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तिथंच उभ्या उभ्या चौकीला फोन लावला. पलीकडच्या शिपायानं शांतपणे ऐकून घेतलं. मारहाण झाली आहे का, त्यानं विचारलं. अजून नाही, तिलकराज म्हणाला. मग झाली की कळवा, आत्ता कशावर नोंद करू, असं उत्तर मिळालं. फाटक उघडलं तेव्हा एक वाजून गेला होता.

नव्या आबादीत कडुनिंबाला झोका टांगला होता. गल्लीतल्या बायका आणि मुली मेंदी लावून हात वर धरून ओट्यांवर बसल्या होत्या. निळ्या फाटकाच्या आत रोशनीची पांढरी स्कूटर उभी होती, पुसून लख्ख केलेली. रोशनी दारात आली ती ओल्या मेंदीचे दोन्ही हात पुढं धरून. खरंच तिनं सुट्टी घेतली होती.

तिलकराजनं सांगायला सुरुवात केली आणि 'कोथली' या शब्दापाशीच ती थांबली. तिचा चेहरा असा उजळला की त्याला पुढचं बोलवेना.

"भाई येतोय? स्वतः येतोय?"

"बेटा, ऐक. त्याला तुझा पत्ता स्कूटरच्या कागदावरून मिळालाय. त्या याद्या विकत मिळतात. मला रस्ता विचारला, मी सांगून बसलो. गल्ली पुढून बंद आहे का, तेही विचारलं त्यानं."

"भाईला गाडी वळवायचा पहिल्यापासून कंटाळा," ती घाईघाईनं म्हणाली. "दोन सावन गेले चाचाजी. ही समोरची प्रत्येक बाई रोज विचारते. मी सांगते, माझ्या माहेरी ही रीत नाही. माझ्या माहेरी. हरियाणात." ती हसली, आणि ते हसणं बघवत नव्हतं. "आई सारखी मागं लागली असेल त्याच्या. म्हणून निघाला असेल."

"जावई किती वाजता येतात, असंही विचारलं."

रोशनीचे हात खाली आले. "जावई म्हणाला तो?"

"हो."

"भाई म्हणाला, जावई?"

"तोच शब्द."

ती अगदी हळू म्हणाली, "भाई जसमेरला जावई म्हणणार नाही. गळा कापला तरी नाही म्हणणार."

त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. अशी वेळ तिच्यावर आधी दोनदा येऊन गेली होती. खाटेखालची पिशवी तयारच होती, त्यात दाखले, लग्नाचा कागद, कपड्यांचे दोन जोड. तिनं जसमेरला फोन करून दोन वाक्यांत सांगितलं की घरी येऊ नकोस, मी सांगेन तिथं ये. मग सवयीनं ती आपल्या स्कूटरकडे वळली. तिलकराजनं तिला अडवलं. ही नको, हिचाच नंबर त्यांना पाठ आहे. त्यानं स्वतःच्या स्कूटरची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि घराचा रस्ता सांगितला, तहसिलीच्या मागे, सुदेश दारातच उभी असेल.

"तुम्ही?" तिनं विचारलं.

"रस्ता मी दाखवलाय. आता त्या रस्त्यानं जो येईल त्याला मीच भेटतो."

ती गेली. त्याच्या स्कूटरच्या मुठींवर मेंदी फासली गेली, ती पुढं कितीतरी दिवस निघाली नाही.

तिलकराज निळ्या फाटकाशी उभा राहिला. तो काही शूर माणूस नव्हता. बाजारात बैल उधळला तर आधी दुकानात शिरणाऱ्यांतला. पळून जावं असं त्याच्या दोनदा मनात आलं. पण समोर रोशनीची पुसलेली स्कूटर होती, आणि तिच्या नंबराच्या पाटीवर तिनं नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधला होता.

दीड वाजून गेल्यावर पांढरी जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली, वळली आणि मागच्या मागे उलटी आत आली. चौघं होते. पुढच्या सीटवरून उतरला तो सतबीर. सुदेशनं तो प्रश्न विचारल्यापासून तिलकराजच्या डोळ्यांपुढं कुणी राक्षस उभा होता, प्रत्यक्षात निघाला एक काटकुळा, केसांना तेल लावलेला पोरगा. असे पोरगे रोज त्याच्या टेबलाशी येऊन 'चाचा, लवकर करून द्या ना' म्हणतात. सतबीरच्या हातात खरोखरच लाल दोऱ्यानं बांधलेला मोठा डबा होता.

"तुम्हीच का फोनवरचे?" त्यानं विचारलं. "ती कुठंय?"

"कोथली द्यायला आलास ना? दे इकडे. मी पोचवतो."

"तिच्याच हातात द्यायची आहे."

"मग हे तिघं गाडीतच का बसलेत? सणाच्या पाहुण्यांना चहा तरी पाजू."

मागचा एक जण उतरला. त्याच्या हातातली काठी त्यानं लपवलीही नव्हती. ती पाहताच तिलकराजला एकदम सुचलं. तो गल्लीकडे वळला आणि आयुष्यात कधी बोलला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात म्हणाला, "बायांनो, या गं. रोशनीचा भाऊ कोथली घेऊन आलाय."

ओट्यांवरच्या बायका उठल्या. त्यांना आतलं काही माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की या गल्लीतल्या एका पोरीची कोथली कधीच आली नव्हती आणि आज आली. बघता बघता जीपभोवती तीस-चाळीस जणी जमल्या. एका म्हातारीनं सतबीरच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फार उशीर केलास रे, म्हणून त्याला रागावली. दुसरीनं सरबताचा तांब्या आणला. तिसरीनं काठीवाल्याच्या हातात पेला कोंबला, तेव्हा त्याला काठी बगलेत धरावी लागली. मुली जीपच्या मागच्या चाकांपाशीच फेर धरून सावनाचं गाणं म्हणू लागल्या. डबा कुणी कधी सतबीरच्या हातून काढून घेतला ते त्यालाही कळलं नाही.

ज्या रीतीचं आमिष करून तो बहिणीला शोधत आला होता, त्याच रीतीनं त्याला चारी बाजूंनी धरून ठेवलं. सणाच्या तोंडावर, सरबत हातात असताना, चाळीस बायांच्या देखत कुणाच्या घराचं दार फोडता येत नाही. सतबीर सरबत प्यायला.

म्हाताऱ्या विचारू लागल्या, रोशनी कुठं आहे? दवाखान्यातून तातडीचं बोलावणं आलं, तिलकराज म्हणाला. सतबीरनं मान हलवली आणि मुलींनी हसत वाट दिली तसा तो जीपकडे गेला. दार लावण्याआधी तो तिलकराजच्या कानाशी वाकला.

"आज नाही तर उद्या, चाचा. माझा चुलतभाऊ विम्याच्या ऑफिसात आहे, सगळ्या राज्याची यादी आहे त्याच्याकडे. ती दुसऱ्या गावी जाईल, दुसरी गाडी घेईल, तिचाही कागद येईल. रामफल नाव टाकलं की ती दिसते."

जीप निघून गेली. तिलकराजनं बायांकडून डबा मागून घेतला आणि तो रिक्षानं घरी निघाला.

घरी पोचला तेव्हा जसमेर येऊन मागच्या खोलीत बसला होता, कारखान्याच्या कपड्यांतच. तिलकराजनं डबा रोशनीपुढं ठेवला. त्याला वाटलं होतं आत काहीबाही असेल, रिकामाही असेल. सुदेशनं दोरा सोडला. वर घेवर होता, त्याखाली सुहाली, कडेला हातानं मुरड घातलेल्या. त्याखाली पिवळी चुनरी, आणि चुनरीच्या टोकाला गाठ मारून ठेवलेल्या हिरव्या बांगड्या.

रोशनीनं एक सुहाली उचलली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं. "ही मुरड आईची आहे," ती म्हणाली. "हे आईनं केलंय. तिला खरं वाटलं असेल. भाई म्हणाला असेल रोशनीकडे जातोय, कोथली बांधून दे, आणि तिनं रात्रभर बसून हे केलं असेल."

तिनं बांगड्या भरल्या. मापाच्या निघाल्या. मग उभ्यानंच तिनं ती सुहाली खाल्ली, शेवटच्या कणापर्यंत, आणि सुदेशच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडली. अडीच वर्षांत ती असं रडली नव्हती, असं नंतर जसमेरनं सांगितलं. तिथं उभं राहून तिलकराजला आपली इतकी लाज वाटली की तो बाहेर अंगणात जाऊन थांबला.

चारच्या बसनं दोघं निघाले. सुदेशनं वाटेसाठी पराठे बांधून दिले, कॅनडावाला भाऊ आला की घ्यायची म्हणून जपून ठेवलेली चुनरी रोशनीच्या डोक्यावर घातली. निघताना पाया पडून रोशनी म्हणाली, चाचाजी, आम्ही आता...

"मला सांगू नकोस," तिलकराज म्हणाला. "कुठं जाताय, मला सांगू नकोस बेटा."

एकोणीस वर्षं ज्यानं प्रत्येकाला पत्ता विचारला, त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा एक पत्ता नाकारला.

पांढरी स्कूटर त्यानं रात्र पडायच्या आत आपल्या अंगणात आणून ठेवली. ती अजून तिथंच आहे. विकायची तर रोशनीची सही हवी, नवा पत्ता हवा, आणि तो पुन्हा त्याच दप्तरात जाणार. रोशनी आता जिथं असेल तिथं पायी चालत असेल, किंवा रात्रपाळीहून येताना रिक्षावाल्यांचं बोलणं ऐकून घेत असेल. स्वतःच्या कष्टाची गाडी स्वतःच्या नावावर घ्यायची तिला आता सोय नाही. तिच्यावर चालून आले ते चौघं होते, हे खरं. पण त्यांना दारापर्यंत आणणाऱ्यांत दप्तर विकणारे होते, विकत घेणारे होते, ते चुलतभावाला दाखवणारे होते आणि प्रेमानं रस्ता सांगणारा एक भला माणूसही होता. यांतल्या एकावरही कुठं गुन्हा नोंदला गेला नाही.

तिलकराजनं दुसऱ्या दिवसापासून अर्जावर स्वतःचा नंबर टाकणं बंद केलं. गिऱ्हाईक वैतागतं, शेजारची टेबलं हसतात, ओटीपीसाठी माणसं ताटकळतात, आणि तो म्हणतो, ताटकळा. त्यानं एक जाड वही केली आहे. जो फोन येतो त्याची तारीख, वेळ, कुणाच्या नावानं आला, कुठून आला, हे तो त्यात लिहितो आणि प्रत्येकाला एकच विचारतो, हा नंबर तुम्हाला कुणी दिला? बहुतेक जण फोन ठेवतात. वहीच्या प्रती काढून त्यानं जिल्ह्याच्या कचेरीत तीनदा अर्ज दिले, दोनदा पोच मिळाली. पुढं ती घाऊक विक्री थांबवली असं पेपरात आलं. विकलेलं परत घेतलं, असं कुठं आलं नाही. वही चालू आहे.

पुढच्या सावनात, तीजेच्या आदल्या दिवशी, तो टेबलाशी बसला होता तेव्हा फोन वाजला. कुठल्याशा शहरातल्या कुठल्याशा ऑफिसातून एका मुलीचा कोवळा, घाईचा आवाज आला. रोशनीजी बोलताय का? वडील रामफल? आपल्या स्कूटरचा विमा संपलाय.

तिलकराजनं वही उघडली. "बेटा, हा नंबर तुला कुणी दिला?"

"सर, स्क्रीनवर आलाय."

"बरं. तुझं पूर्ण नाव काय? वडिलांचं? राहतेस कुठं?"

तिच्या मागं इतर मुलींचे आवाज येत होते, प्रत्येक जण कुणाचं तरी नाव घेत होती. "सर, ते मी नाही सांगू शकत," ती म्हणाली. "अनोळखी माणसाला कसं सांगू?"

"बरोबर आहे," तिलकराज म्हणाला. "सांगू नकोस. तिनंही तुला सांगितलं नव्हतं."